बटण दाबलं तरी प्रोग्राम एंटरचीच वाट बघतो: टर्मिनलमध्ये एकेक बटण लगेच वाचताना येणाऱ्या अडचणी

‘पुढे जाऊ का? हो/नाही’ असं विचारणारी स्क्रिप्ट, बाणांनी वर-खाली होणारा मेनू, सापाचा खेळ, स्पेस दाबली की पान सरकवणारा लॉग-वाचक. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: बटण दाबलं की ते त्याच क्षणी प्रोग्रामच्या हातात पडावं. बिघाडही बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी होतो.

खालचं सगळं मुख्यतः लिनक्स आणि मॅकओएसबद्दल आहे, विंडोजचं शेवटाकडे थोडक्यात येईल. आज्ञा, फंक्शनं आणि फ्लॅग यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरायचं. टर्मिनलच्या सेटिंगची फंक्शनं आणि फ्लॅग टर्मिऑसच्या मॅन-पानावर सापडतात.

लक्षणं

आपला बिघाड यातला कुठला, ते आधी नीट ओळखा. ‘इनपुट चालत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

अक्षर पडद्यावर उमटतं, पण एंटर दाबेपर्यंत काही घडत नाही. एंटर दाबला की दाबलेली सगळी अक्षरं एकदम येतात आणि शेवटी १० क्रमांकाचा जास्तीचा बाइटही येतो. बहुतेक जण याच तक्रारीने येतात.

एक, दोन, तीन बटणं दाबूनही शांतता, चौथं दाबलं की चारही एकदम.

बाण दाबला की प्रोग्रामला एस्केप दाबल्यासारखं वाटतं आणि मागून चौकटी कंस व ‘ए’ अशी दोन अक्षरं येतात. किंवा बाणाचा उरलेला भाग पुढचं बटण दाबेपर्यंत कुठेतरी अडकून राहतो.

एस्केप चालतं, पण सेकंदभर उशिरा.

प्रोग्राम कशासाठीच थांबत नाही, लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो.

‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’, म्हणजे चूक क्रमांक २५.

प्रोग्राम संपल्यावर शेलमध्ये टाइप केलेलं दिसत नाही, किंवा ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात.

‘क्यू’ दाबलं तरी बाहेर पडता येत नाही. याचं कारण कधीकधी फारच साधं निघतं. ते दुसऱ्या तपासणीत आहे.

अक्षर अडतं कुठे

बटणापासून प्रोग्रामपर्यंत अक्षराला चार नाकी लागतात. पहिलं टर्मिनलची खिडकी, जी दाबलेल्या बटणाचं बाइटमध्ये रूपांतर करते. दुसरं कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, ‘लाइन डिसिप्लिन’: टर्मिनलचं इनपुट हाताळणारा भाग. तिसरं भाषेच्या लायब्ररीतला बफर, म्हणजे बाइट तात्पुरते साठवायची जागा. चौथं तुमचा कोड.

यातलं दुसरं नाकं मुद्दाम अडवतं. मूळ ठरलेल्या अवस्थेत, जिला कॅनॉनिकल मोड म्हणतात, कर्नल पूर्ण ओळ जमवतो, बॅकस्पेसने केलेल्या दुरुस्त्या स्वतःच उरकतो आणि एंटर आल्यावरच ओळ पुढे सोडतो. लिनक्सवर अशी ओळ जास्तीत जास्त ४०९६ बाइटांची असते. एका यंत्रावर अनेक टेलिटाइप जोडलेले असायचे त्या काळातली ही सोय आहे: प्रत्येक अक्षरासाठी प्रोग्रामला उठवायचं नाही, ओळ पूर्ण झाली की एकदाच उठवायचं.

आपल्याकडे कॉलेजात टर्बो सी वर शिकलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. डॉसवर कोनिओ हेडरमधलं गेटसीएच डॉसकडून थेट अक्षर उचलायचं. ओळ जमवणारं असं नाकं त्याच्या वाटेत नव्हतं. तोच कोड लिनक्सवर जीसीसीला दिला तर आधी हेडर सापडत नाही. मग कोणीतरी एनकर्सिस ही टर्मिनलचा पडदा हाताळणारी लायब्ररी सुचवतं. त्यातही गेटसीएच नावाचं फंक्शन असतं, पण ते वेगळं: आधी इनिटस्क्रीन म्हणून पूर्ण पडदा ताब्यात घ्यावा लागतो. नुसती ती ओळ घुसवून काम होत नाही.

आणि मग सेटव्हीबफने इनपुटचा बफर बंद करणं, एफफ्लशला स्टँडर्ड इनपुट देणं, झोप घालणं असे प्रयोग सुरू होतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेटव्हीबफ तिसऱ्या नाक्यावरचं आहे, अडवणूक दुसऱ्यावर. इनपुटवर एफफ्लश करण्याचा परिणाम तर सी भाषेच्या प्रमाणकात ठरवूनच दिलेला नाही.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

१. टर्मिनल मुळावर आणा

मागच्या चाचणीत अर्धवट मेलेल्या प्रोग्रामने टर्मिनलची अवस्था बिघडवून ठेवलेली असते आणि आपण नव्या कोडमधली चूक शोधत बसतो. म्हणून प्रत्येक चाचणीआधी ‘एसटीटीवाय सेन’ चालवा (एसटीटीवाय ही टर्मिनलची सेटिंगं दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा). टाइप केलेलं दिसत नसलं तरी आंधळेपणाने टाइप करा, आणि एंटरने काम झालं नाही तर कंट्रोल-जे दाबा. एंटरचं बटण खरं तर १३ क्रमांक पाठवतं. त्याचा १० करणारा आयसीआरएनएल हा फ्लॅग बंद पडला असेल तर ओळ संपलीच असं कर्नलला वाटत नाही. कंट्रोल-जे थेट १० पाठवतं. रंग किंवा अक्षरंच विचित्र झाली असतील तर ‘रिसेट’.

२. कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे ते बघा

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी ही तपासणी दोन सेकंदांची आहे आणि बऱ्याचदा अर्धा तास वाचवते. इन्स्क्रिप्ट चालू असताना ‘क्यू’च्या जागी औकाराची मात्रा असते. प्रोग्राम वाट बघतो ११३ ची, आणि त्याला मिळतात २२४, १६५, १४० असे तीन बाइट. तो गप्प बसतो यात त्याची काही चूक नाही.

नक्की काय येतंय ते बघायला लिनक्सवर ‘शोकी -ए’ चालवा. प्रत्येक बटणाचे बाइट दशमान, अष्टमान आणि षोडशमानात दिसतात. कंट्रोल-डी ने बाहेर. मॅकवर ‘कॅट -व्ही’ने भागतं.

इथेच एक गोष्ट कळली तर तीही बघून घ्या: एखादं ठरावीक बटण कुठल्याच प्रोग्राममध्ये काही पाठवत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा. कीबोर्डवर चहा सांडलेला असतो किंवा त्याची पट्टी गेलेली असते. ते काम दुरुस्तीवाल्याचं. लॅपटॉपचा कीबोर्ड यूट्यूब बघून घरी उघडू नका.

३. अडलंय ते इनपुट, की आउटपुट?

बटण पोचलेलं असतं, उत्तरच पडद्यावर आलेलं नसतं, असंही होतं. टर्मिनलवर स्टँडर्ड आउटपुट ओळीच्या हिशेबाने सोडलं जातं. ओळ न संपवता नुसता एक ठिपका किंवा ‘निवडा:’ एवढंच छापलं, तर ते बफरमध्येच पडून राहू शकतं. सी मध्ये छापल्यावर एफफ्लश करा, इथे ते योग्य जागी आहे. पायथनमध्ये प्रिंटला ‘फ्लश’ खरं करून द्या. फरक पडला तर शोध इथेच संपला.

४. समोर खरंच टर्मिनल आहे का?

‘टेस्ट -टी ०’ चालवून त्याचा निकाल बघा, किंवा कोडमध्ये इजएटीटीवाय विचारा. नाही असं उत्तर आलं तर पुढच्या कुठल्याही सेटिंगचा उपयोग नाही, कारण मोड बदलायला टर्मिनलच नाही. चूक क्रमांक २५ चा अर्थ नेमका हाच.

नेहमीचे आरोपी ठरलेले आहेत. एक्लिप्सचा कन्सोल टर्मिनल नसतो. पायचार्ममध्ये रन कॉन्फिगरेशनमध्ये ‘एम्युलेट टर्मिनल इन आउटपुट कन्सोल’ हा पर्याय निवडावा लागतो. व्हीएस कोडमध्ये डीबग करताना ‘इंटर्नल कन्सोल’ऐवजी ‘इंटिग्रेटेड टर्मिनल’ निवडा. डॉकरला -आय आणि -टी दोन्ही लागतात: पहिल्याने इनपुट उघडं राहतं, दुसऱ्याने टर्मिनल मिळतं, आणि नुसत्या एकाने काम भागत नाही. एसएसएचला थेट आज्ञा दिली तर पलीकडे टर्मिनल तयारच होत नाही, -टी द्या. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टर्मिनल नसतं आणि बटण दाबायला माणूसही नसतो, तिथे प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट लावणं हीच चूक.

स्क्रिप्टमधला एक सापळा वेगळा सांगायला हवा. फाइल ओळीओळीने वाचणाऱ्या व्हाइल-रीड लूपच्या आत ‘पुढे जाऊ?’ विचारलं, तर आतलं रीड उत्तर त्या फाइलमधूनच उचलतं. माणसाला विचारलंच जात नाही आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर गायब होतं. आतल्या रीडला इनपुट /डेव्ह/टीटीवाय वरून द्या. त्याच लूपमध्ये एसएसएच किंवा एफएफएमपेग असेल तर तेही फाइल गिळतात. एसएसएचला -एन आणि एफएफएमपेगला -नोस्टडीइन द्यायचं.

बॅश असेल तर इथेच थांबता येईल

बॅशमध्ये ‘रीड’ला -आर -एस -एन १ दिलं की काम होतं. अडचणी आजूबाजूच्या. पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहिलेलं असेल तर उबुंटू-डेबियनवर ती स्क्रिप्ट डॅश नावाचा दुसरा शेल चालवतो, आणि त्याला -एन माहीत नाही; तो ‘इल्लीगल ऑप्शन’ अशी तक्रार करतो. पहिली ओळ बदला. झेडएसएचमध्ये यासाठी -के आहे. बॅशमध्ये लहान एन वापरला तर एंटर दाबल्यावर रिकामी स्ट्रिंग मिळते. एंटरही ओळखायचा असेल तर कॅपिटल एन. व्हेरिएबलचं नाव दिलंत आणि स्पेस हरवतेय, तर रीडच्या आधी आयएफएस रिकामं करा. मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ आहे, त्याला -टी ०.१ अशी अपूर्णांकातली मुदत समजत नाही. ती ४ पासून आली.

५. दुसऱ्या खिडकीतून डोकवा

सगळ्यात जास्त निकाल देणारी तपासणी ही, आणि सगळ्यात कमी केली जाणारीही हीच. प्रोग्राम सुरू करण्याआधी त्या खिडकीत ‘टीटीवाय’ चालवा. समजा /डेव्ह/पीटीएस/३ असं उत्तर आलं. प्रोग्राम बटणाची वाट बघत असताना दुसऱ्या खिडकीतून ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/पीटीएस/३ -ए’ चालवा. लिनक्सवर हा एफ कॅपिटल, मॅकवर लहान, आणि मॅकवर नावही वेगळ्या धाटणीचं असेल.

आयकॅनॉन हा कॅनॉनिकल मोडचा फ्लॅग. त्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं तर कर्नलचा दरवाजा उघडा आहे: पाचव्यानंतर थेट सातव्या तपासणीवर जा. उणे नसेल तर तुमचं सेटिंग लागलेलंच नाही किंवा कोणीतरी परत फिरवलंय: सहावी बघा. सोबत मिन आणि टाइम (पुढचे व्हीमिन आणि व्हीटाइम) यांच्या किमतीही टिपून ठेवा.

प्रोग्राम चालू नसताना, शेलच्या प्रॉम्प्टवर हे बघितलंत तर फसाल. बॅश स्वतः प्रॉम्प्टवर आयकॅनॉन बंद ठेवतो आणि आज्ञा चालवायच्या आधी पूर्ववत करतो. त्यामुळे बाहेरून बघितलं तर बंद, त्याच खिडकीत एसटीटीवाय चालवलं तर चालू. दोन्ही खरं.

६. कर्नलचं सेटिंग

टीसीगेटअ‍ॅटरने सध्याची अवस्था वाचा, तिची एक प्रत जपून ठेवा, दुसऱ्या प्रतीतले लोकल फ्लॅग घेऊन त्यातून आयकॅनॉन आणि एको (अक्षर पडद्यावर उमटवणारा) हे दोन बिट काढा, व्हीमिन (किमान किती बाइट हवेत) १ आणि व्हीटाइम (थांबायची मुदत) ० ठेवा, मग टीसीसेटअ‍ॅटर. एवढंच. शून्यातून भरलेला स्ट्रक्चर देऊ नका. त्यात वेग आणि कंट्रोल अक्षरं सगळीच पुसली जातात.

व्हीमिन-व्हीटाइम विसरलं की ते ‘चार बटणांचं’ लक्षण येतं. काही युनिक्सवर, उदाहरणार्थ सोलारिसवर, व्हीमिनची जागा आणि फाइल-संपली या अक्षराची जागा एकच असते. त्या जागेत आधीपासून कंट्रोल-डी, म्हणजे ४, बसलेला असतो. आयकॅनॉन बंद केला की त्याच ४ चा अर्थ ‘किमान चार बाइट जमल्याशिवाय सोडू नका’ असा होतो. लिनक्सच्या नेहमीच्या पीसीवर या जागा वेगळ्या आहेत म्हणून चूक लपते. दोन्ही किमती स्वतः लिहा, लपाछपी संपली.

व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात आणि किंमत एका बाइटची असल्याने कमाल २५.५ सेकंद. व्हीमिन १, व्हीटाइम ० म्हणजे बटण येईपर्यंत शांत झोप, प्रोसेसरवर भार नाही. दोन्ही शून्य म्हणजे ‘आहे का? नाही? बरं’ म्हणून लगेच परत. हे लूपमध्ये घातलं की पंखा घोंघावतो. व्हीमिन ०, व्हीटाइम १ म्हणजे जास्तीत जास्त दशांश सेकंद थांबणं. साध्या खेळाला पुरतं. दोन्ही शून्याहून मोठे ठेवले तर घड्याळ पहिला बाइट आल्यावर सुरू होतं, आधी नाही. ‘मुदत दिली तरी अडकतो’ ही तक्रार इथून येते.

खेळासाठी यापेक्षा पोल (इनपुट आलंय का ते कर्नलला विचारणारं फंक्शन) चांगलं: मुदत मिलिसेकंदात देता येते आणि टर्मिनलचं सेटिंग साधं राहतं.

रॉ मोड की सीब्रेक? बहुतेकांना सीब्रेक हवा असतो आणि ते रॉ घेतात. सीब्रेकमध्ये ओळ जमवणं बंद होतं (पायथनच्या सेटसीब्रेकमध्ये अक्षर उमटणंही), कंट्रोल-सी चालू राहतं. रॉमध्ये आयसिग हा संकेतांचा फ्लॅग जातो, म्हणून कंट्रोल-सी हा फक्त ३ क्रमांकाचा बाइट होतो आणि प्रोग्राम थांबवता येत नाही. आउटपुटचा ओपोस्ट हा फ्लॅगही जातो, म्हणून ओळ संपल्यावर कर्सर डावीकडे परत येत नाही. पायऱ्या दिसतात त्या यामुळे. पायथनमध्ये सेटरॉ काढून सेटसीब्रेक लावलं की निम्म्या तक्रारी मिटतात. कंट्रोल-एसने पडदा गोठतो तो आयएक्सऑनमुळे, कंट्रोल-क्यूने सुटतो.

टीसीसेटअ‍ॅटर मागितलेल्यातला एखादाच बदल झाला तरी यश कळवतं. शंका असेल तर लगेच परत वाचून ताडून बघा.

प्रत्येक बटणासाठी मोड चालू-बंद करणारा कोडही खूप दिसतो, गेटसीएचची नक्कल म्हणून. तो मेनूला चालतो. खेळात मात्र दोन वाचनांच्या मधल्या क्षणी दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटतं. आणि बदल टीसीएसए-फ्लशने केला असेल तर न वाचलेली बटणं फेकूनच दिली जातात. ‘वेगाने दाबलं की बटणं गळतात’ म्हणजे हेच. सुरुवातीला एकदा मोड बदला, शेवटी एकदा परत करा.

७. लायब्ररीचा बफर

इथले बिघाड चिवट असतात, कारण कोड बरोबर दिसतो. नेहमीची चूक अशी: पोल किंवा सिलेक्टने विचारायचं ‘काही आलंय का?’, आणि हो म्हटल्यावर गेटचारने एक अक्षर घ्यायचं. बाण दाबला की तीन बाइट येतात. गेटचार कर्नलकडून तिन्ही उचलतं, एक तुम्हाला देतं, दोन स्वतःच्या खिशात ठेवतं. पुढच्या वेळी सिलेक्ट कर्नलला विचारतं; तिथे काहीच नाही. खिशातले दोन बाइट पुढचं बटण दाबेपर्यंत बाहेर येत नाहीत.

पायथनमध्ये स्टँडर्ड इनपुटवर रीड १ केलं तरी हेच होतं, त्याच्याखाली आणखी दोन थरांचे बफर आहेत. उपाय दोन्हीकडे तोच: सिलेक्ट किंवा पोल वापरत असाल तर सी मध्ये थेट रीड, पायथनमध्ये ओएस-रीड. बफर असलेलं आणि नसलेलं वाचन एकाच प्रोग्राममध्ये मिसळू नका.

व्हीमिन ० ठेवून गेटचार वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. बटण नसलं की रीड शून्य परत करतं, आणि लायब्ररी त्याचा अर्थ फाइल संपली असा लावते. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२८ पासून ही खूण चिकटून राहते: त्यानंतर कितीही बटणं दाबा, उत्तर ‘फाइल संपली’च. क्लिअरएरने ती पुसता येते, पण मुळात इथे गेटचार वापरूच नये.

८. एक बटण, अनेक बाइट

वरचा बाण म्हणजे २७, ९१, ६५. काही अवस्थांत मधला बाइट ९१ ऐवजी ७९ असतो. दोन्ही ओळखा. ऑल्टसोबत दाबलेलं अक्षर बहुधा २७ आणि मग ते अक्षर असं येतं. नुसतं एस्केप म्हणजे एकटा २७. फरक ओळखायचा मार्ग एकच: २७ आल्यावर थोडं थांबायचं, मागून काही आलं तर बाण, नाही तर एस्केप. जवळच्या यंत्रावर २५ ते ५० मिलिसेकंद पुरतात. संथ एसएसएचवर थोडे वाढवा.

एस्केपला सेकंदाचा उशीर होत असेल तर एनकर्सिसचं एस्केडिले बघा. ते न सांगता १००० मिलिसेकंद असतं. टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) असाल तर त्याचं एस्केप-टाइमही बघा, बराच काळ ते ५०० होतं. दोन्ही कमी करा. एकच कमी करून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ.

देवनागरी अक्षरं वाचायची असतील तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला कायम २२४ असतो. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं; आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, बारा बाइट. एका बाइटला एक अक्षर मानणारा मेनू इथे तुटतो. वाचलेला बाइट सी मध्ये ‘चार’ (कॅरेक्टर) या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर पीसीवर २२४ चा उणे ३२ होतो. इंट किंवा अनसाइन्ड वापरा.

९. निघताना दार लावा

ज्या वाटेने प्रोग्राम संपू शकतो, त्या प्रत्येक वाटेवर जपून ठेवलेली प्रत परत लावायची. साध्या शेवटासाठी अ‍ॅटएक्झिट, पायथनमध्ये फायनली. कंट्रोल-सी आणि टर्म या संकेतांसाठी हँडलर. कंट्रोल-झेडआधी मूळ अवस्था, आणि पुन्हा पुढे आणल्यावर, म्हणजे सिगकॉन्ट आल्यावर, परत आपली. शेलवर विसंबू नका. किल -९ पुढे काहीच चालत नाही, तिथे ‘एसटीटीवाय सेन’.

प्रोग्राम मागे, अँपरसँड लावून चालवला तर मोड बदलायला जाताच सिगटीटीओयू आणि वाचायला जाताच सिगटीटीआयएन येऊन तो थांबतो. हा बिघाड नाही. कीबोर्ड एकावेळी पुढच्याच प्रोग्रामचा.

ओ-नॉनब्लॉक टाळा. तो फ्लॅग तुमच्या प्रोग्रामचा नसून उघडलेल्या फाइलचा असतो, आणि टर्मिनलवर इनपुट-आउटपुट बहुतेक वेळा एकाच उघडलेल्या फाइलच्या प्रती असतात. इनपुटवर लावला की मोठं आउटपुट मधेच ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ म्हणून तुटतं, आणि तेच टर्मिनल वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामलाही त्याचा त्रास होतो.

रीडने शून्य किंवा चूक परत केली तर लूपमधून बाहेर पडा. नाहीतर खिडकी बंद केल्यावरही प्रोग्राम मागे जिवंत राहून एक कोअर शंभर टक्के खात बसू शकतो. व्हीमिन ० असेल तर शून्याचे दोन अर्थ होतात आणि ही ओळख पटत नाही. व्हीमिन १ आणि पोल यांची जोडी बरी ती याचसाठी.

विंडोज

तिथे कोनिओमधली केबीहिट आणि गेटसीएच अजून आहेत, पायथनमध्ये एमएसव्हीसीआरटी. बाण दाबला की पहिल्यांदा ० किंवा २२४ येतं, दुसऱ्यांदा वाचल्यावर खरा क्रमांक: वर ७२, खाली ८०, डावा ७५, उजवा ७७. दुसरं वाचन विसरलं की मेनूत ‘एच’ दाबल्यासारखं होतं, कारण ७२ म्हणजे कॅपिटल एच. गिट बॅशच्या खिडकीत ही फंक्शनं गप्प बसत असतील तर आज्ञेआधी विनपीटीवाय लावून बघा, किंवा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा.

इथे थांबा

बटण सोडल्याचा क्षण, दोन बटणं एकत्र, किंवा नुसतं शिफ्ट हवं असेल तर शोध थांबवा. साधं टर्मिनल फक्त बाइट पाठवतं, सोडल्याची बातमी पाठवत नाही. त्यासाठी एसडीएल ही खेळांची लायब्ररी किंवा लिनक्सवर कीबोर्ड थेट वाचणारं इव्हडेव्ह. तसंच कंट्रोल-आय आणि टॅब दोन्ही ९ आहेत, कंट्रोल-एम आणि एंटर दोन्ही १३. साध्या टर्मिनलवर कितीही कोड लिहिला तरी वेगळे होणार नाहीत.

पासवर्ड वाचायचा असेल तर स्वतःचा मोड-बदल लिहू नका, भाषेतलं तयार गेटपास वापरा.

सगळ्या तपासण्या होऊनही उत्तर नसेल तर स्वतःच्या लिनक्स यंत्रावर प्रोग्राम ‘एसट्रेस’खाली (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) सुरू करा, फक्त रीड आणि आयओसीटीएल दाखवायला सांगून. बटण दाबताक्षणी रीड परत येत असेल तर चूक तुमच्या कोडमध्ये, ती कोणी दुसरा शोधून देणार नाही. रीड परतच येत नसेल आणि आयकॅनॉन बंद असेल, तर अक्षर यंत्रापर्यंत पोचत नाही. मध्ये सिरियल केबल, कन्सोल सर्व्हर, ब्राउझरमधलं टर्मिनल किंवा कारखान्यातल्या यंत्राचं पॅनल असेल तर ओळ तिकडेच जमवली जात असण्याची शक्यता असते. ते सेटिंग नेटवर्क किंवा यंत्र सांभाळणाऱ्याच्या हातात असतं. त्याला बाइटची नोंद आणि एसटीटीवायचा निकाल द्या.

चालत्या सर्व्हरवर मात्र यातलं काही करू नका. चालू प्रोसेसला एसट्रेस जोडलं की ती मंदावते, आणि गेटी (टर्मिनलवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम) किंवा एसएसएचच्या सेटिंगमधली एक चूक सगळ्यांनाच बाहेर ठेवू शकते. तिथे सिस्टिम अ‍ॅडमिनला बोलवा, आणि तो येईपर्यंत ती खिडकी बंद करू नका.